केमो दिली नाही, आणि मनातला ‘खरं’ काही जात नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ५६, पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झालेली. आठ महिन्यांपूर्वी उजव्या स्तनातली गाठ काढली. आकार १.८ सेंटिमीटर, ग्रेड २ (मध्यम वेगाची), काखेतल्या गाठी स्वच्छ, म्हणजे आजार तिथं पसरलेला नाही, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (गाठ इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या हार्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (गाठ भराभर वाढवणारं हर-टू प्रथिन जास्त नाही). पुण्याच्या मुलाने पैसे भरून ऑन्कोटाइप ही गाठीतल्या जनुकांची तपासणी करून घेतली, स्कोअर आला १४. डॉक्टर म्हणाले, केमो नको. तीन आठवडे शेक (रेडिएशन) झाला आणि आता रोज लेट्रोझोल या हार्मोनच्या उपचाराची एक गोळी चालू आहे. सगळं सुरळीत होतं. मग निपाणीची नणंद भेटायला आली. तिचे दोन वर्षांपूर्वी केमोचे आठ डोस झालेले. ती म्हणाली, “माझे केस गेले, नखं काळी पडली, तवा कुठं मी उभी राहिलो. तुला नुसती गोळी देऊन पाठिवलं व्हय?” तेव्हापासून ताईंची झोप उडाली आहे. त्या विचारतात: केमो न घेऊन चूक झाली का? आता घेता येईल का? आपण बीपीएल कार्डावरचे पेशंट म्हणून दिली नसेल का? आणि ही शंका जाणार कधी?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते. शंका मुळापासून जाईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. बेळगावात कॅन्सरचे पेशंट बघायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली, आणि ज्यांना केमो लागली नाही अशा बायका फॉलोअपला येतात तेव्हा त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: “बरी हाय म्हणून सांगितलंय, खरं...” आपल्याकडे ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात, हे पुण्या-मुंबईहून आलेल्या ज्युनिअर डॉक्टरांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं बाई ‘खरं आहे’ म्हणतेय. ते खूश होऊन पुढच्या पेशंटला हाक मारतात आणि हिचं अर्धं वाक्य तोंडातच राहतं. तुमच्या प्रश्नातही तोच ‘खरं’ आहे. तो निघत नसला तरी त्याचा आवाज कमी करता येतो. त्यासाठी मात्र “काळजी करू नका” एवढं म्हणून भागत नाही. केमो का नव्हती, हे तुम्हाला स्वतःला नीट कळलं पाहिजे, इतकं की नणंदेला तुम्हीच समजावून सांगू शकाल.

आधी एक शब्द दुरुस्त करू. तुम्ही दोनदा लिहिलंय, “मी केमो चुकवली.” चुकवायला ती आधी ठरलेली असावी लागते. डॉक्टरांनी केमो सांगितली आणि भीतीने, पैशाअभावी किंवा कुणाच्या सांगण्यावरून पेशंट गेलीच नाही, तर तिने ती चुकवली असं म्हणायचं. तुम्हाला ती लागलीच नाही. दोन्ही बायका रात्री दोन वाजता एकाच शंकेने जाग्या होतात, पण पहिलीने दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठायला हवा. तुमचं तसं नाही.

आता नणंदेकडे वळू. तिची फाईल मी पाहिलेली नाही, त्यामुळे ठामपणे काही बोलणार नाही. आठ डोस झाले म्हणजे बहुधा काखेतल्या गाठींत आजार होता, किंवा हर-टू पॉझिटिव्ह होता, किंवा ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह होते. तिन्ही निगेटिव्ह असेल तर तुमची गोळी तिच्या उपयोगाची नाही, कारण त्या गोळीने जे बंद करायचं ते त्या गाठीत नसतंच. केमो हाच तिचा मोठा आधार. तुमच्या गाठीचं उलटं आहे. ती इस्ट्रोजेनवर पोसलेली, बेताच्या वेगाने वाढणारी. केमोचा मारा मुख्यतः भराभर विभागणाऱ्या पेशींवर होतो. केस, नखं, तोंडाची आतली त्वचा यांचे हाल होतात ते याच कारणाने, कारण तिथल्या पेशीही भराभर वाढतात. तुमचं शेत आहे म्हणून शेतातलंच सांगते. फवारणी वर फुटलेल्या हिरव्या पाल्यावर चालते, जमिनीत दबून राहिलेल्या लव्हाळ्याच्या गाठीला तिचं फारसं काही होत नाही. तिथं पाट बंद करावा लागतो. लेट्रोझोल म्हणजे पाट बंद करणं. पाळी गेल्यावरही चरबी आणि स्नायूंमध्ये थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं, ते ही गोळी थांबवते.

‘ब्रेस्ट कॅन्सर’ हे एकच नाव दोघींच्या फाईलवर आहे, म्हणून तुम्ही दोघी स्वतःला एका रांगेत उभ्या समजता. एकीला काविळीचा ताप आणि दुसरीला मलेरियाचा, तर औषध एकच का नाही, असं कोणी विचारत नाही. इथं मात्र सगळे विचारतात.

आता स्कोअरचं. तुमच्या गाठीचा मेणात जपून ठेवलेला ठोकळा असतो. त्यातला पातळ काप कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत गेला आणि त्यातली २१ जनुकं किती चालू, किती बंद हे मोजून ० ते १०० मधला आकडा काढला गेला. १४ हा आकडा बरा की वाईट, हे डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेलं नाही. ‘टेलर-एक्स’ नावाच्या अभ्यासात २००६ ते २०१० या काळात १०,२७३ बायका घेतल्या. सगळ्या तुमच्यासारख्या: हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काख स्वच्छ. त्यांपैकी ज्यांचा स्कोअर ११ ते २५ होता अशा ६,७११ जणींचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नुसती हार्मोनची गोळी, दुसऱ्याला केमो आणि गोळी दोन्ही. निकाल २०१८ मध्ये आला. नऊ वर्षांनी आजार दूरच्या अवयवांत न गेलेल्या बायका नुसत्या गोळीच्या गटात ९४.५ टक्के होत्या आणि केमोच्या गटात ९५ टक्के. हयात असलेल्या दोन्हीकडे जवळपास ९४ टक्के. एवढ्याशा फरकाला संख्याशास्त्रात फरक म्हणत नाहीत. केस मात्र केमोच्या गटात बहुतेकींचे गेले असणार, आणि मळमळ, मुंग्या, रक्त कमी होणं, हृदयावरचा ताण हे ज्याच्या त्याच्या नशिबाने.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा, कारण तुमच्या भीतीचं उत्तर त्यात दडलेलं आहे. केमो घेतलेल्या गटातही शंभरातल्या पाचेक जणींचा आजार परतलाच. “उद्या परत आला तर मी केमो घेतली नाही म्हणून आला,” असं तुम्ही लिहिता. तुमच्या प्रकारच्या गाठीत या वाक्याला आधार नाही. या पाच-सहा जणींचा आजार केमो अडवू शकली नाही आणि उरलेल्यांना तिची गरज नव्हती. उद्याचं कोणी सांगू शकत नाही, मीही नाही. पण काही झालंच तर दोष द्यायला ही केमो नाही, एवढं आजच सांगून ठेवते.

हे मी आज एवढ्या खात्रीने बोलते, पण माझी सुरुवात अशी नव्हती. गाठ एक सेंटिमीटरच्या वर असली की केमो, असा तेव्हाचा रिवाज होता, जगभर होता, आणि मीही तो पाळला. तुमच्यासारखेच रिपोर्ट असलेल्या किती बायकांना मी केमोचं लाल सलाईन लावलं असेल, त्याची मोजदाद नाही. एक शिक्षिका होत्या, दर डोसनंतर चार दिवस अंथरुणात. आजही भेटल्या की म्हणतात, “म्याडम, तुम्ही मला वाचवलं.” मी हसते, काही बोलत नाही. त्यांना केमोने वाचवलं की गोळीने, हे मला आता पुरतं ठाऊक आहे. तुमच्या नणंदेच्या पिढीच्या मनात केमो म्हणजेच कॅन्सरचा उपचार असं जे बसलंय, ते आम्हीच बसवलंय.

शंका रास्त असू शकते अशाही जागा आहेत, त्या लपवून उपयोग नाही. वय पन्नासच्या आत आणि स्कोअर १६ ते २५ असेल, तर त्याच अभ्यासात केमोचा थोडा फायदा दिसला. पाळी चालू आहे आणि काखेतल्या एक ते तीन गाठींत आजार आहे, अशा बायकांनाही केमोचा फायदा होतो, हे २०२१ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं. पाळी गेलेल्यांना, स्कोअर २५ पर्यंत असताना, तो दिसला नाही. हर-टू चा रिपोर्ट ‘२ प्लस’ येऊन हर-टू आहे की नाही हे पक्कं सांगणारी पुढची फिश तपासणी राहून गेली असेल, तर “केमो नको” हा निर्णय अर्धवट माहितीवर घेतलेला आहे. ईआर जेमतेम दोन-पाच टक्के असेल, तर ती गाठ नावालाच पॉझिटिव्ह. तुमच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीही नाही. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या रिपोर्टमध्ये असेल तर तिने फाईल घेऊन दुसरं मत घ्यावं. स्लाइड आणि मेणाचा ठोकळा पेशंटचा असतो, दवाखान्यातून मागून घेता येतो. आपल्याकडच्या बायका मिरजेला, कोल्हापूरला, हुबळीला जातात, तसं जावं. पहिल्या डॉक्टरांना काय वाटेल ही भीड बाळगू नये.

ऑन्कोटाइपचा खर्च लाखांत जातो, तो सगळ्यांना झेपत नाही. बंगळूरमध्येच तयार झालेली कॅनअसिस्ट नावाची तपासणी आहे. ती गाठीतली पाच प्रथिनं, गाठीचा आकार, ग्रेड आणि काखेची स्थिती धरून धोका कमी की जास्त हे सांगते. ज्यांनी यातलं काहीच केलं नाही त्यांना डॉक्टर ग्रेड, आकार, केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात त्याचा आकडा), वय यांवरून अंदाज बांधतात. तो अंदाज वाईट नसतो, पण तो अंदाज आहे हे पेशंटला सांगायला हवं.

आता केमो घेता येईल का? नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत ती सुरू करायची असते. तीन महिन्यांच्या पुढे गेलं की जिला गरज आहे तिच्यातही फायदा घटतो. तुम्हाला तेव्हाही गरज नव्हती, आठ महिन्यांनी तर प्रश्नच नाही. पण जिला केमो सांगितली होती आणि जी “दिवाळी होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे” करत घरी बसली आहे, तिने हे वाचून उद्याच जावं. उशीर झाला म्हणून कोणी ओरडेल या भीतीने बायका आणखी उशीर करतात. ओरडलं तर ओरडू दे.

कार्डाचं. बीपीएल कार्डावर आरोग्य कर्नाटक योजनेत केमो बसते आणि दवाखान्याला तिचे पैसे मिळतात. त्यामुळे पैसे वाचवायला केमो टाळली, हा हिशेब उलटा आहे. देऊन त्यांचा फायदाच झाला असता. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावरून इकडे-तिकडे बराच गदारोळ झाला. तेव्हापासून “कुठलं कार्ड दाखवलं तर काय मिळतं” हा संशय आपल्या लोकांच्या मनात पक्का बसलाय. मला वाटतं, तुमच्या संशयाचं खरं कारण वेगळं आहे. रिपोर्ट इंग्रजीत, संमतीचा फॉर्म कानडीत, आणि डॉक्टर बोलले चार मिनिटं, तेही अर्धं इंग्रजी. आयुष्यातला एवढा मोठा निर्णय तुम्हाला तुमच्या भाषेत कोणी सांगितलाच नाही. जे नीट सांगितलं जात नाही, त्यात माणसाला लबाडी दिसायला लागते.

म्हणून एक काम करा. पुढच्या तपासणीला कोरा कागद न्या आणि डॉक्टरांना म्हणा, “मला केमो का नको होती, ते मराठीत चार ओळींत लिहून द्या.” वेळ नाही म्हणाले तर सिस्टरना सांगा, सोशल वर्करना सांगा, पण कागद घेऊनच बाहेर या. आकार, ग्रेड, काख, ईआर-पीआर-हर-टू, स्कोअर, आणि खाली “म्हणून केमो नाही.” माझ्या ओपीडीत मी हा कागद स्वतः लिहून देते. एका पेशंटने तो देव्हाऱ्यात गणपतीच्या तसबिरीमागे ठेवला होता. रात्री शंका आली की लाईट लावून वाचायची आणि परत झोपायची. मोबाईलवर शोधण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मोबाईल पहिल्या तीन व्हिडिओंतच तुम्हाला स्मशानात नेऊन सोडतो.

आता गोळीबद्दल, आणि इथं मी थोडी कडक होणार आहे. तुमच्या पत्रात ‘नुसती गोळी’ हा शब्द चार वेळा आलाय. या ‘नुसत्या’ शब्दाची मला जास्त भीती वाटते. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची जुनी गोळी घेतली तर हार्मोन पॉझिटिव्ह आजार परतण्याचा धोका जवळपास निम्म्याने आणि त्याने मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. पाळी गेलेल्या बायकांत लेट्रोझोल त्याहून थोडी सरसच. तुमचा उपचार संपलेला नाही, तो रोज चालू आहे आणि तुम्ही तो स्वतःच्या हाताने घेताय.

येळ्ळूरकडच्या एक मावशी होत्या. स्कोअर कमी, केमो नाही, लेट्रोझोल चालू. दीड वर्षाने आल्या तेव्हा मी हात हातात घेतला तर बोटं मिटेनात. म्हणाल्या, “सकाळी पीठ मळायला घेतलं की बोटं वळत न्हाईत. भाकरी थापताना कडा फाटतात. सून काय म्हणंना, खरं मलाच लाज वाटते.” गोळीने सांधे आखडतात हे मला माहीत होतं, म्हणून विचारलं, गोळ्या घेताय ना? मावशींनी पिशवी उघडली. पाच महिन्यांच्या स्ट्रिपा जशाच्या तशा, रबर बँड लावून ठेवलेल्या. “केमो दिली न्हाई म्हणजे माझा कॅन्सर हलका. एक गोळी न्हाई घेतली तर काय हुतंय?” त्यांच्याही मनात ‘केमो नाही’ हेच होतं. तुमच्या मनात त्यातून भीती आली, त्यांच्या मनात बेफिकिरी.

आम्ही काही आठवडे गोळी थांबवली, मग त्याच गटातली दुसरी दिली. रोज अर्धा-पाऊण तास चालणं आणि सकाळी कोमट पाण्यात बोटांची उघडझाप सुरू केली. बोटं पूर्ण मोकळी झाली नाहीत, पण भाकरी जमायला लागली. तेव्हा सांधे दुखले, घाम फुटला, मन उदास झालं, तर गोळी बंद करण्याआधी सांगा. बदलायला पर्याय आहेत. वेळ एकच ठेवा, रात्री जेवण झाल्यावर म्हणा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा.

कुणी शिवमोग्याकडचं सालीचं औषध किंवा हनुमानफळाच्या पाल्याचा काढा सांगेल. घेऊ नका असं माझं मत. घेतच असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका, आणि गोळीच्या बदल्यात तर कधीच घेऊ नका.

शंका शमवायला म्हणून पेट स्कॅन, रक्तातले कॅन्सर मार्कर करून घेऊ का, हेही तुम्ही विचारलंय. काही त्रास नसताना नको. अशा तपासण्यांनी आयुष्य वाढत नाही. मार्कर दोन-चार आकड्यांनी इकडचा तिकडे झाला तरी पुढचे तीन महिने घरात कोणी नीट जेवत नाही. तुमच्यासाठी पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, एवढं पुरे. टाक्यांजवळ किंवा काखेत नवी गाठ लागली, तर वाट न बघता दाखवा. एकाच जागी हाड दुखतंय, धाप लागतेय, डोकं दुखतंय आणि ते दोन-तीन आठवड्यांत कमी न होता वाढतंय, तर ते दाखवायचं. भात लावणीनंतर दुखणारी कंबर चार दिवसांत बरी झाली, तर ती लावणीची कंबर.

झोपेसाठी एक उपाय सांगते, साधा आहे पण चालतो. शंकेला वेळ नेमून द्या. संध्याकाळी दिवे लागणीआधी पंधरा मिनिटं, वही घेऊन, मनात येईल ते लिहायचं. रात्री शंका आली की तिला सांगायचं, उद्या संध्याकाळी ये. पहिला आठवडा ती ऐकणार नाही. “सकारात्मक विचार करा” असं सांगणाऱ्यांकडे मात्र लक्ष देऊ नका. भीती वाटली म्हणून कॅन्सर परत येत नाही, आणि हसत राहिल्याने थांबत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नकोसं, कशातच मन नाही असं झालं, तर मात्र ती नुसती शंका राहिली नाही. धारवाडला डिमहान्स हे मनाच्या आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य सेवेच्या नंबरवर फोन मोफत लागतो. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी मनाची गोळी सुरू करताना कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावं, कारण फ्लूऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिनसारख्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचा जोर कमी करतात. लेट्रोझोलला ती अडचण नाही.

नणंदेवर रागावू नका. ती तुमच्या काळजीने बोलली, आणि थोडं स्वतःसाठीही. आपण एवढं सोसलं ते वाया तर गेलं नाही ना, ही तिची शंका असू शकते. तिची केमो तिच्या गाठीला लागणारीच असेल, तर हे तिलाही कोणीतरी सांगायला हवं. पुढच्या खेपेला तिला बरोबर न्या, तिची फाईल घेऊन यायला सांगा, आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा. हो, आणि लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होतात. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला का, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच दिवशी तेवढं विचारून घ्या.